नीरा-भीमा खोऱ्यातील ग्रामीण महाविद्यालय : वाढ आणि विस्तारकार्य यांचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : ग्रामीण उच्च शिक्षण, बावडा, इंदापूर, बारामती, विस्तारकार्य, राष्ट्रीय सेवा योजना, विनाअनुदान धोरण.

प्रस्तावना :

पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. परंतु पुणे शहर आणि पुणे जिल्हा यांचा शैक्षणिक इतिहास एकच नाही. शहरात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बारामती आणि इंदापूरच्या अवर्षणप्रवण मुलखात, नीरा डावा कालवा पोहोचत होता. एकाच काळात शहराला महाविद्यालय मिळाले आणि ग्रामीण भागाला पाणी मिळाले. पाण्यामागून महाविद्यालय येण्यास मात्र सुमारे पाऊण शतक लागले. हे अंतर का पडले, ते कसे भरून निघाले आणि भरून निघताना ग्रामीण महाविद्यालयाचे स्वरूप कोणते झाले, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाचे केंद्र इंदापूर तालुक्यातील बावडा व त्याच्या सभोवतालचा परिसर हे आहे. बावडा हे गाव इंदापूर-अकलूज मार्गावर असून दक्षिणेस नीरा नदी व तिच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका आहे. पूर्वेस नीरा नरसिंहपूर येथे नीरा व भीमा यांचा संगम होतो. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा इंदापूरहून सराटीकडे याच वाटेने जातो. बावड्याचे शंकरराव बाजीराव पाटील यांनी इंदापूरच्या सार्वजनिक जीवनात दीर्घकाळ नेतृत्व केले व १९८० आणि १९८९ च्या निवडणुकांत बारामती मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. सहकार, शेती आणि शिक्षण हे तिन्ही विषय एकाच नेतृत्वाच्या हाती असणे हे या भागाचे वैशिष्ट्य होय. ग्रामीण महाविद्यालयाच्या घडणीवर त्याचा खोल ठसा आहे.

उद्दिष्टे :

१) नीरा-भीमा खोऱ्यातील उच्च शिक्षणाच्या प्रसाराचे टप्पे निश्चित करणे.
२) ग्रामीण महाविद्यालयाच्या विस्तारकार्याची वैचारिक व संस्थात्मक पार्श्वभूमी तपासणे.
३) लहान महाविद्यालयाची संख्यात्मक वाढ आणि त्याचे विस्तारकार्य यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
४) बदलत्या शैक्षणिक धोरणाच्या संदर्भात लहान ग्रामीण महाविद्यालयापुढील आव्हानांचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे.

पाणी, ऊस आणि शाळा : आर्थिक पार्श्वभूमी

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनच्या पूर्वेकडील तालुके उद्ध्वस्त झाले. दुष्काळ निवारणाच्या धोरणातून नीरा डाव्या कालव्याचे काम पुढे गेले आणि भाटघर येथील धरणाच्या पाण्यावर पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांत बागायत उभी राहू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऊस आणि गुळाचा व्यापार वाढला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने इंदापूर तालुक्यात वालचंदनगर ही उद्योगवसाहत व तेथील साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले.

तथापि, हे पाणी सर्वांना सारखे मिळाले नाही. कालव्याच्या मुखाकडील गावे बागायतदार झाली. शेपटाकडील गावे मात्र आवर्तनाची वाट पाहत राहिली. इंदापूर तालुक्याचा मोठा भाग या शेपटाकडील गावांत मोडतो. १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठच्या चित्रात आणखी भर घातली. धरणाच्या जलाशयाने पळसदेवसारखी जुनी गावे पोटात घेतली आणि अनेक कुटुंबांना नवी वसाहत शोधावी लागली. परिणामी एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा, जिरायत शेतकऱ्याची मुलगी, धरणग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी आणि शेतमजुराचे अपत्य असे चौघे शेजारी बसतात. ग्रामीण महाविद्यालयाचा विद्यार्थी म्हणजे एकसंध असा कोणी ‘ग्रामीण विद्यार्थी’ नव्हे, हे येथे प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिला टप्पा : विद्यार्थी महाविद्यालयाकडे (१९४७ पूर्वी)

स्वातंत्र्यपूर्व काळात या भागातील मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे असल्यास पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिकवणीच्या शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च अधिक अवघड होता. म्हणूनच महाराष्ट्रातील ग्रामीण उच्च शिक्षणाच्या इतिहासाचा प्रारंभ महाविद्यालयापासून होत नाही, तो वसतिगृहापासून होतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धान्याच्या मुठी गोळा करून चालविलेले वसतिगृह आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण या दोन कल्पनांनी ग्रामीण शिक्षणाचे अर्थशास्त्रच बदलून टाकले. पुणे जिल्ह्यात १९४१ मध्ये स्थापन झालेल्या पुणे जिल्हा शिक्षण मंडळाने खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळांचे जाळे विणले. पुढील काळातील महाविद्यालये या माध्यमिक शाळांच्या पायावर उभी राहिली.

दुसरा टप्पा : महाविद्यालय तालुक्याकडे (१९४७ ते १९९०)

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालय मोठ्या शहरातच असावे, हा समज त्यामुळे मोडीत निघाला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले तेव्हा त्याच्या कार्यकक्षेत महाराष्ट्रातील १२ जिल्हे होते. संलग्न महाविद्यालये मात्र केवळ १८ आणि विद्यार्थी आठ हजारांहून थोडे अधिक होते. १९९४ पर्यंत विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आक्रसून पुणे, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) व नाशिक या तीन जिल्ह्यांपुरते उरले होते, तरी महाविद्यालयांची संख्या १७० आणि विद्यार्थिसंख्या १ लाख ७० हजारांच्या घरात पोहोचली होती. क्षेत्र कमी होऊनही महाविद्यालये नऊपटींहून अधिक वाढली. ही वाढ बव्हंशी तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचलेल्या शिक्षणाची द्योतक आहे.

बारामती येथे अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान या संस्थेची स्थापना झाली. सोमेश्वरनगरला मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय व इंदापूरला कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. स्थानिक व्यापारी, सहकारी चळवळ आणि राजकीय नेतृत्व यांच्या सहकार्यातून हे घडले. उसाच्या बिलातून प्रतिटन काही रक्कम शिक्षणसंस्थेसाठी कापून घेण्याची पद्धत सहकारी कारखान्यांच्या पट्ट्यात रूढ झाली. प्रवरानगरच्या कारखान्याच्या परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. या कपातीमुळे शेतकरी महाविद्यालयाचा अप्रत्यक्ष देणगीदार ठरला. देणगीदारांच्या फलकावर त्याचे नाव आले नाही, ही गोष्ट वेगळी.

शासनाच्या दोन निर्णयांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याचे धोरण स्वीकारले गेले. ई.बी.सी. या नावाने ती सवलत घराघरात पोहोचली. १९७५ पासून दहावी, बारावी व पदवीची तीन वर्षे हा नवा आकृतिबंध राज्यात लागू झाला आणि माध्यमिक शाळांना जोडून कनिष्ठ महाविद्यालये निघाली. अकरावी-बारावीचे वर्ग मोठ्या गावांत आल्यामुळे ‘महाविद्यालय’ हा शब्द प्रथमच गावाच्या पाटीवर आला आणि पदवी महाविद्यालयाची मागणी गावपातळीवरून होऊ लागली.

तिसरा टप्पा : महाविद्यालय गावाकडे (१९९० नंतर)

१९९० नंतर पदवी शिक्षण तालुक्याच्या ठिकाणाहून बावड्यासारख्या मोठ्या गावांच्या दारात येऊ लागले. यामागे दोन कारणे ठळकपणे दिसतात. पहिले कारण भौगोलिक-प्रशासकीय आहे. नीरा नदी ओलांडली की अकलूजचे शैक्षणिक केंद्र लागते. परंतु १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यापासून नदीच्या दोन काठांवर दोन विद्यापीठे आहेत. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ झाले, तरी सीमा तीच राहिली. बाजार, सोयरीक आणि दवाखाना यांसाठी सहज ओलांडली जाणारी नदी पदवीसाठी मात्र वेगळा अभ्यासक्रम आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागते. सीमेवरील गावाला स्वतःचे महाविद्यालय हवेसे वाटणे त्यामुळे स्वाभाविक होते.

दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण मुलींच्या शिक्षणाचे आहे. शासनाच्या अहिल्याबाई होळकर योजनेनुसार ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. पदवीच्या वर्गात प्रवेश घेताच ही सोय संपते व सवलतीच्या दरातील पास काढावा लागतो. पैशाचा प्रश्न, लग्नाचा प्रश्न आणि अंतराचा प्रश्न हे तिन्ही एकाच वर्षी, मुलीच्या वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, कुटुंबासमोर उभे राहतात. अशा वेळी महाविद्यालय पायी अथवा सायकलीच्या अंतरावर असणे ही केवळ सोय राहत नाही. शिक्षण चालू राहील की थांबेल, याचा निर्णय त्यावर होतो. शहरातील मोठ्या महाविद्यालयाच्या गुणवत्तेशी गावातील लहान महाविद्यालयाची तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. त्या मुलीपुढे हे महाविद्यालय की ते, असा पर्यायच नसतो. हे महाविद्यालय की शिक्षणाचा शेवट, असा तो पर्याय असतो.

विस्तारकार्याची वैचारिक परंपरा

विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जावे, ही कल्पना आधुनिक काळात इंग्लंडमध्ये १८७३ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांतून साकार झाली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली आणि १९१४ च्या कायद्याने त्यांना शेतकऱ्यापर्यंत ज्ञान नेण्याचे काम सोपविले. या दोन परंपरांत मूलभूत भेद आहे. पहिलीत व्याख्याता गावात जाऊन बोलतो; दुसरीत तो शेताच्या बांधावर जाऊन आधी पाहतो.

भारतात डॉ. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांचा विचार मांडला आणि १९५६ च्या सुमारास काही ग्रामीण संस्था निवडण्यात आल्या. महाराष्ट्रात गारगोटीचे मौनी विद्यापीठ हे या प्रयोगाचे एक केंद्र होते. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांची दृष्टी त्यामागे होती. या प्रयोगाचा प्रसार मर्यादित राहिला. ग्रामीण समाजाला स्वतंत्र ‘ग्रामीण’ पदविका नको होती. शहरातील मुलाला मिळते तीच पदवी हवी होती. या आकांक्षेत काही गैर नव्हते. मात्र त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयाचा अभ्यासक्रम शहराचा आणि परिसर खेड्याचा, अशी विसंगती निर्माण झाली. ती भरून काढण्याचे काम विस्तारकार्याकडे आले.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग म्हणून मान्य केले. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची डॉ. जयकर व्याख्यानमाला, कमवा व शिका योजना आणि विद्यार्थिनींसाठीचे निर्भय कन्या अभियान यांनी ग्रामीण महाविद्यालयांना नियमित उपक्रमांची चौकट दिली. २००० मध्ये राज्यात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने विद्यार्थ्यांच्या श्रमदानाला गावाच्या सार्वजनिक कार्यक्रमाशी जोडले.

विस्तारकार्य : सामर्थ्य आणि मर्यादा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे व सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. दत्तक गावातील वनराई बंधारे, वृक्षारोपण, आरोग्य तपासणी, पालखी मार्गावरील स्वच्छता व वारकऱ्यांची सेवा हे उपक्रम या खोऱ्यातील प्राध्यापकांच्या परिचयाचे आहेत. शहरातील स्वयंसेवक दत्तक गावात पाहुणा म्हणून जातो. लहान ग्रामीण महाविद्यालयाचा स्वयंसेवक मात्र पुष्कळदा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो. गावातील गटतट, पाण्याची भांडणे, कोणत्या वस्तीवर टँकर पोहोचत नाही, ही माहिती त्याला असते. त्याच्या घरची माणसेच ‘समाज’ असतात. त्यामुळे येथील विस्तारकार्य हे दुसऱ्यांची सेवा या भावनेपेक्षा स्वतःच्या परिस्थितीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची संधी ठरू शकते.

ही संधी मात्र नेहमीच साधली जाते असे नाही. त्याची कारणे तीन आहेत. एक, राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (स्थापना १९९४) निकषांत विस्तारकार्याला स्थान मिळाले. ही इष्ट गोष्ट होती. तथापि त्याबरोबर कार्यापेक्षा अहवालाला आणि परिणामापेक्षा छायाचित्राला महत्त्व येण्याचा धोका निर्माण झाला. बंधारा बांधल्याची नोंद सापडते, पुढच्या पावसाळ्यानंतर त्या बंधाऱ्याचे काय झाले याची नोंद क्वचितच ठेवली जाते. दोन, उपक्रमांचे विषय वरून येतात. ऊसतोडणीच्या हंगामात बीड-अहिल्यानगर भागातून येणाऱ्या मजुरांची मुले, क्षारपड होत चाललेली बागायत जमीन, आवर्तनाचे वेळापत्रक हे या खोऱ्याचे स्वतःचे विषय आहेत. परिपत्रकाच्या यादीत ते सहसा नसतात. तीन, हे काम ज्यांच्या खांद्यावर आहे त्या अध्यापकांपैकी अनेक जण तासिका तत्त्वावर किंवा अल्प मानधनावर काम करतात. ज्याची स्वतःची नेमणूक पुढील जूनपर्यंत निश्चित नाही, त्याच्याकडून गावाशी दहा वर्षांचे नाते जोडण्याची अपेक्षा करणे न्याय्य ठरत नाही.

वाढ आणि विस्तार : एकाच प्रक्रियेची दोन अंगे

मोठ्या महाविद्यालयात प्रवेश हा प्रशासकीय विषय असतो आणि विस्तारकार्य हा स्वतंत्र विभाग असतो. लहान ग्रामीण महाविद्यालयात ही विभागणी टिकत नाही. बारावीचा निकाल लागल्यानंतर वाड्या-वस्त्यांवर जाऊन पालकांना भेटणारा प्राध्यापक प्रवेशाचे काम करीत असतो की विस्ताराचे? मुलीचे लग्न एक वर्ष लांबवावे म्हणून तिच्या आजोबांशी ओट्यावर बसून बोलणे हे कोणत्याही निकषात मोजले जात नाही; परंतु त्या एका संभाषणाने वर्गातील एक बाक भरतो व एका घराची दिशा बदलते. तासिकांचे वेळापत्रक एस.टी.च्या फेऱ्या पाहून ठरविणे आणि वाचनालय सुट्टीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी उघडे ठेवणे हेही त्याच प्रकारचे कार्य होय. विद्यार्थिसंख्येतील वाढ हे येथे विस्तारकार्याचे फळ असते आणि त्या वाढीतूनच पुढील विस्ताराचे मनुष्यबळ मिळते.

बदलते धोरण

२००१ पासून राज्यात नवीन महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यामुळे एक विपरीत स्थिती उत्पन्न झाली. पूर्वी मोठ्या गावांत निघालेल्या महाविद्यालयांना शासकीय वेतन अनुदान मिळते. त्यानंतर लहान व दुर्लक्षित गावांपर्यंत पोहोचलेल्या महाविद्यालयांना ते नाही. जेथे शुल्क देण्याची ऐपत सर्वांत कमी, तेथेच महाविद्यालयाने शुल्कावर जगावे, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०४० पर्यंत उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि त्यांत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम लागू झाले आणि क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. एकीकडे ज्या विस्तारकार्याला ग्रामीण महाविद्यालयाने अर्धशतक जपले त्याला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळत आहे. दुसरीकडे आकाराच्या निकषावर तेच महाविद्यालय अपुरे ठरत आहे. तीन हजार विद्यार्थी जमविण्यासाठी बावड्यासारख्या ठिकाणची महाविद्यालये तालुक्याच्या संस्थेत विलीन झाली, तर कागदावर संस्था मोठी होईल. परंतु वर वर्णन केलेला अंतराचा प्रश्न पुन्हा १९९० पूर्वीच्या स्थितीत जाईल. समूह म्हणून एकत्र येणे आणि गावातील वर्ग बंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद धोरणाच्या अंमलबजावणीत स्पष्ट राखला जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१) नीरा-भीमा खोऱ्यातील उच्च शिक्षणाचा प्रवास वसतिगृह, तालुक्याचे महाविद्यालय आणि गावाचे महाविद्यालय अशा तीन टप्प्यांतून झाला. प्रत्येक टप्प्यात विद्यार्थी व महाविद्यालय यांतील अंतर कमी होत गेले.
२) या वाढीमागे सिंचन व सहकारातून आलेले अर्थबळ, शासनाच्या शुल्कसवलती आणि स्थानिक नेतृत्व हे तीन घटक होते, तथापि सिंचनातील विषमता शिक्षणातही उमटली.
३) लहान ग्रामीण महाविद्यालयात वाढ व विस्तारकार्य वेगळे करता येत नाहीत. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत तर महाविद्यालयाची जवळीक हेच त्याचे सर्वांत मोठे विस्तारकार्य आहे.
४) विस्तारकार्य उपक्रमसंख्येवर न मोजता त्याच्या सातत्यावर मोजले जावे. एकाच गावाचा, एकाच प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा आणि त्याची प्रामाणिक नोंद हे ग्रामीण महाविद्यालयाचे खरे संशोधनही ठरू शकते.
५) अध्यापकांच्या नेमणुकीतील स्थैर्य ही विस्तारकार्याची पूर्वअट आहे.

समारोप :

कर्मवीरांनी मुठीमुठीने धान्य गोळा करून वसतिगृह चालविले, तेव्हा त्या मुठी देणाऱ्या घरांनी शिक्षणसंस्थेशी एक नाते जोडले होते. आजच्या ग्रामीण महाविद्यालयाने आपल्या परिसराकडून मूठ घेतली आहे, उसाच्या टनामागे कपात घेतली आहे आणि घरातील पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगीही विश्वासाने स्वीकारली आहे. या ऋणाची परतफेड वर्षातील सात दिवसांच्या शिबिरात होणार नाही. ती उरलेल्या दिवसांत महाविद्यालय गावाशी कसे वागते, त्याच्या प्रश्नांना वर्गात किती जागा देते, यावर ठरेल. नीरेच्या पाण्याप्रमाणे शिक्षणाचे आवर्तनही शेपटाकडील गावापर्यंत पोहोचले पाहिजे. ते तेथवर नेणाऱ्या लहान महाविद्यालयाचे मोल त्याच्या विद्यार्थिसंख्येवरून ठरविणे योग्य होणार नाही.